भावकूचा लाल पट्टा

"आप्पा, तूच तर खूण केल्तीस की," परशराम म्हणाला.

तो हसतच म्हणाला होता. केसांत आणि भुवयांवर भुसा, हातात खानापुरातून भाड्यानं आणलेलं करवतीचं मशीन, आणि समोर देवराईतलं वठलेलं जांभळाचं झाड आडवं पडलेलं. चुलता भावकू धापा टाकत आलेला बघून त्याला वाटलं, हा ओंडके ओढायला हात लावायला आला. म्हणून त्यानं कौतुकानं बुंध्याकडे बोट केलं. बुंध्यावर छातीच्या उंचीला लाल पट्टा होता आणि पट्ट्यावर पांढऱ्या रंगात तीनचा आकडा होता. आकडा भावकूच्या हातचा होता.

 भावकूची नजर पट्ट्यावरून सरकत ढोलीपाशी गेली. पडताना झाड नेमकं ढोलीतच चिरलं होतं. आतला कुजका भुगा, उंदरांची बारीक हाडं, केसांचे वाळलेले गोळे असं सगळं बाहेर सांडलं होतं आणि त्यात कापसाच्या बोंडासारखं पांढरं काहीतरी पडलं होतं. परशरामनं पायानं भुगा सारला, आणि पाय तसाच अधांतरी धरून उभा राहिला.

"पिल्लू हाय ह्यात," तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान पोरासारखा झाला होता.

पिल्लाला अजून पिसं फुटली नव्हती, नुसती लव होती. मान एका बाजूला लुळी पडली होती. बरोबरच्या पोरांपैकी कुणीतरी पुढं होऊन मशीन बंद केलं. इतका वेळ ते परशरामच्या हातात घरघरत होतं हे ते बंद झाल्यावर सगळ्यांच्या ध्यानात आलं. परशरामनं गळ्यातला टॉवेल काढला, पिल्लू त्यात घेतलं आणि काय करावं न कळून टॉवेल भावकूपुढं धरला.

भावकूनं तो घेतला. त्याला रडू आलं नाही, रागही आला नाही. तो परत परत त्या तीनच्या आकड्याकडे बघत राहिला. किती सरळ आला होता आकडा.

भावकू हा कणकुंबीच्या अलीकडच्या एका वाडीतला माणूस. दरीत थोडी भाताची खाचरं, घरामागं काजूची झाडं, एकुलती लेक संकेश्वरात दिलेली. पन्नाशी ओलांडली तरी चढावर तरण्या पोरांना मागं टाकणारा. रानात जेव्हा तोड चालायची त्या काळात तो कंत्राटदाराच्या माणसांबरोबर खुणा करायच्या कामाला होता. वनखात्याचा साहेब झाडाकडे बोट करायचा. भावकू कोयत्यानं वितीएवढी साल तासायचा, पट्टा ओढायचा, आकडा घालायचा आणि पुढच्या झाडाला जायचा. मागून काही दिवसांत कुऱ्हाडी यायच्या. त्याचा हात इतका साफ होता की बुंधा वाकडा असला तरी पट्टा सरळ यायचा. पुढं तोड बंद झाली. मग तो बेळगावात फाउंड्रीत लागला, तिथली धूळ छातीत बसल्यावर गावी परत आला. खुणा करायचं काम सुटलं त्याला कितीतरी वर्षं झाली होती. हात मात्र ते विसरला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी निपाणीची त्रिशला वाडीत आली. वडिलांचं तंबाखूचं गोडाऊन, आणि पोरगी मात्र शिरसीला जंगलाचं शास्त्र शिकून घुबडं मोजायच्या कामाला लागलेली. एका छोट्या संस्थेतर्फे ती वनघुबडांवर नजर ठेवत होती. जोड्या कुठं आहेत, घरटी कुठल्या झाडात आहेत, पिल्लं किती जगतात. तिला रान माहीत असलेला सोबती हवा होता. वाडीतल्यांनी भावकूचं नाव सांगितलं, तेही जरा गमतीनंच, कारण घुबडाचा आवाज आला की भावकूची बायको आक्काताई अपशकुन टळावा म्हणून चुलीत मीठ टाकायची.

पहिल्याच आठवड्यात त्रिशलानं त्याला एक गोष्ट समजावली. तोड थांबल्याला वर्षं झाली, रान परत वाढलंही, पण त्यातली झाडं तरुण आहेत. तरुण झाडाला ढोली नसते. एवढ्या मोठ्या घुबडाला मावेल अशी ढोली व्हायला झाड म्हातारं व्हावं लागतं, आतून कुजावं लागतं. तशी झाडं आता राहिलीत ती फक्त देवराईत. म्हणून वठलेलं झाड दिसलं की ते मेलेलं समजायचं नाही, ते घर समजायचं. भावकू त्या दिवशी घरी जाताना वाटेतल्या झाडांकडे मान वर करून बघत गेला. आयुष्यभर त्यानं झाडाचा बुंधाच बघितला होता.

दोघांचं चांगलं जमलं. त्रिशला त्याला अण्णा म्हणायची, तो तिला ताई. संध्याकाळच्या कामाला ती दिवस मावळायच्या आत डबा संपवून बसायची. जैनांच्या घरची रीतच ती. भावकू आक्काताईला सांगायचा, "ताईनं जेवून हात धुतला की घुबाड उठतंय बघ." झाडांवर टांगलेल्या छोट्या डब्यांत रात्रभराचे आवाज साठायचे आणि ती ते लॅपटॉपवर डागांसारखे दाखवायची. हा नर, ही मादी, हे भुकेलं पिल्लू. जांभळातल्या जोडीचं गेल्या साली पिल्लू जगलं नव्हतं. यंदा भावकूनं पिल्लाचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो माळावर चढून, नेटवर्क शोधून, तिला फोन करायला गेला होता.

यंदा वडिलांच्या आजारपणामुळे त्रिशलाला निपाणीत थांबावं लागलं. दाट झाडीत फोनवरची जागा चुकते, गेल्या वर्षी आवाजाचा एक डबा शोधायला अर्धा दिवस गेला होता, म्हणून तिनं भावकूला सांगितलं की ढोलीच्या झाडांवर पक्की खूण करून ठेवा, पावसात पुसायला नको. कशी खूण, ते तिनं सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही. खानापूरच्या बाजारातून ऑइल पेंटचा डबा आणला आणि चार झाडांवर खुणा केल्या. वितीएवढी साल तासली, पट्टा ओढला, आकडा घातला. फोटो पाठवला. त्रिशलानं उलट लिहिलं, एकदम झकास अण्णा. तंबाखूच्या बोदांवरचे, त्या मोठ्या गाठोड्यांवरचे शिक्के बघत ती लहानाची मोठी झाली होती. झाडावरच्या पट्ट्याचा या रानात काय अर्थ होतो, ते तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं. ठाऊक होतं ते भावकूला, आणि त्याच्याच ते मनात आलं नाही.

वाडीतल्या जुन्या माणसांनाही तो अर्थ चांगला ठाऊक होता.

देवराईतली ओली फांदी कुणी मोडत नाही. वठलेलं झाडसुद्धा घरी न्यायचं नाही. फक्त देवीच्या यात्रेच्या महाप्रसादासाठी, सगळ्या वाड्यांचा भात एका चुलवणावर शिजतो त्याच्यासाठी, वठलेलं झाड चालतं. तेही अलीकडे वनखात्याची मंजुरी घेऊनच. वाडीचे वडीलधारे नागोजी यांनी यंदाही अर्ज दिला होता. उत्तर आलं नव्हतं. आणि मग एके दिवशी लोकांना देवराईत पट्टे दिसले. तेही नेमके वठलेल्या, पोकळ झाडांवर. छातीच्या उंचीला, साल तासून, आकड्यासकट. नागोजींनी स्वतः जाऊन बघितलं आणि ते म्हणाले, मंजुरी आली, खूणही झाली. भावकू खुणा करताना एका पोरानं त्याला बघितलं होतं. त्याचंही कुणाला नवल वाटलं नाही. साहेबांनी जुना माणूस बोलावला असणार, एवढंच लोकांनी धरलं आणि त्याला कुणी विचारलं नाही.

हे सगळं परशरामनं त्या पडलेल्या झाडापाशी उभं राहून तुकड्यातुकड्यानं सांगितलं. सांगता सांगता त्याचंच तोंड पडत गेलं.

"म्हंजे ती हपिसाची खूण न्हवं?"

"न्हाय."

"मग कशाची?"

"घुबाडाच्या घराची," भावकू म्हणाला.

पोरं एकमेकांकडे बघू लागली. तेवढ्यात भावकूच्या डोक्यात दुसरी गोष्ट आली. पट्टे चार होते. दोन झाडांत यंदा कुणी नव्हतं. पण ओढ्यापलीकडे, देवराईच्या पार खालच्या टोकाला, अर्धा वठलेला बेहडा होता. त्यात दुसरी जोडी होती, आणि त्यांचं पिल्लू याच्याहून लहान होतं. त्यानं परशरामला विचारलं, बाकीच्या झाडांचं काय. परशराम मान खाली घालून म्हणाला, उद्या सकाळी बेहडा. नागोजी आबांनी सांगितलंय.

भावकूनं पिल्लू बुंध्यापाशी पुरलं आणि तो माळावर चढला. फोन लागल्यावर त्यानं त्रिशलाला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "अण्णा, खूण करा म्हणून मीच सांगितलेलं." तिचा आवाज ओळखू येत नव्हता. जरा वेळानं ती सावरली आणि शिकल्यासवरल्या माणसासारखं बोलू लागली. फॉरेस्ट गार्डाला आत्ता कळवा. मंजुरी नसताना देवराईत तोड म्हणजे गुन्हा आहे, ते येऊन लगेच थांबवतील. मी सकाळच्या पहिल्या गाडीनं निघते.

थांबवतील, हे खरं होतं. पण गुन्हा कुणावर? मशीन परशरामच्या हातात होतं. पोरगा पहाटे उठून रस्त्यानं पळायचा, सैन्यातली भरती तोंडावर आली होती. नावावर केस पडली की ती भरती संपली. आणि कळवलं नाही तर सकाळी बेहडा. भावकू माळावर फोन हातात धरून बसून राहिला. वनरक्षकाचा नंबर समोर होता. त्यानं तो लावला नाही. तो उठला आणि देवळाकडे निघाला.

देवळासमोर यात्रेची तयारी चालली होती. बायका मोठी पातेली घासत होत्या, आक्काताई त्यांच्यात होती. पुरुष मंडपाच्या कामाचं बोलत बसले होते. भावकू येताना दिसताच भरमा, ज्याच्याकडे यात्रेच्या स्वयंपाकाचं काम असायचं, तो मोठ्यानं म्हणाला, "आलं बघा घुबाडांचं दिवाणजी. जनगणना झाली काय रं?"

लोक हसले. एरवी भावकूही हसला असता.

"आबा," तो नागोजींना म्हणाला, "देवराईतलं पट्टं माझं हायत. हपिसातनं कोण आलं न्हाय. मंजुरी न्हाय."

हसणं एकदम थांबलं नाही. मागच्यांना ऐकू गेलं नव्हतं, ते थोडा वेळ हसतच राहिले. नागोजी मात्र त्याच्याकडे नुसते बघत होते. सत्तरी केव्हाच उलटलेला माणूस, ज्यानं देवराईतून सरपणाची एक काटकी उचलणाऱ्यालाही कधी सोडलं नव्हतं.

"परत बोल," ते म्हणाले.

भावकूनं सगळं सांगितलं. पट्टा, तो का ओढला, पिल्लू, बेहडा. तो थांबला तेव्हा पातेली घासायचा आवाजही थांबला होता.

"म्हंजे आज आम्ही देवीच्या रानात..." नागोजी म्हणाले. त्यांनी जमिनीवर हात टेकला. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही. सगळ्यांचीच तीच गत झाली होती. घुबडाचं वाईट वाटलेले त्यात थोडेच असतील. पण एका रंगाच्या पट्ट्यावर विसंबून आपण वाडवडिलांचा नेम मोडला, हे पचनी पडायला वेळ लागत होता. एक म्हातारी देवळाकडे तोंड करून गालावर हलक्या चापट्या मारून घेऊ लागली.

भरमा तेवढा लवकर भानावर आला. त्याला दोनच दिवसांत सगळ्या वाड्यांचा भात शिजवायचा होता. झालं ते झालं, तो म्हणाला, एक पडलंच आहे, तेवढ्यानं भागणार नाही, दुसरंही पाडू आणि देवीची माफी मागू. भावकूनं बेहड्यातल्या पिल्लाचं परत सांगितलं तेव्हा तो चिडला.

"एका घुबाडासाठनं देवीचा परसाद कच्चा ठेवू काय मी? ज्येनं रंग मारला त्येनं लाकडं आणावीत."

यावर आक्काताई उठली. हाताला राख तशीच होती.

"आमच्या मागल्या परड्यात पावसाळ्याची लाकडं रचून ठेवल्यात," ती म्हणाली. "न्या सगळी. रंग ह्येनी मारला, पावसात वल्या लाकडाचा धूर मी खाईन."

कुणी हसलं नाही. भावकूनं बायकोकडे बघितलं, पण ती परत पातेल्याकडे वळली होती.

नागोजींनी मग तिथंच ठरवून टाकलं. पडलेल्या झाडाला कुणी हात लावायचा नाही, ते जिथं पडलं तिथं कुजू दे. त्या लाकडावर देवीचा भात शिजणार नाही. बेहड्याकडे कुणी फिरकायचं नाही. आणि सकाळी ते स्वतः वनखात्याच्या ऑफिसात जाणार, भावकूला घेऊन.

"खूण तुझी, हुकूम माझा," ते म्हणाले. "पोराचं नाव मधी न्हाय."

सकाळी दोघं गेले. साहेबांनी खुर्च्या दिल्या, शांतपणे ऐकून घेतलं, मधूनमधून लिहिलं. शेवटी विचारलं, मशीन कुणी चालवलं?  नागोजी म्हणाले, मी. साहेबांनी मान वर केली आणि टेबलावर ठेवलेल्या त्यांच्या हातांकडे बघितलं. त्या हातांना पाण्याचा ग्लाससुद्धा न सांडता धरता येत नव्हता.  मग साहेब पंचनाम्याला येतो म्हणाले आणि ती ओळ तशीच रिकामी सोडून पुढं गेले. बाहेर आल्यावर भावकूला काही म्हणायचं होतं. नागोजींनी हातानंच नको म्हटलं.

त्रिशला दुपारी पोचली. निपाणीहून बेळगाव, तिथून पुढची गाडी, डोळे सुजलेले. ती जांभळापाशी गेली, पट्ट्याला हात लावला आणि तशीच खाली बसली. आपण तो फोटो बघून झकास म्हणालो, हेच ती दोनतीनदा म्हणाली. भावकूनं तिची समजूत घातली नाही. 

मग दोघं बेहड्याकडे उतरले. रॉकेलनं रंग थोडा सुटला, पण तासलेल्या सालीची पांढरी चकती लांबूनही दिसत होती. तो पट्टा चांगला टिकावा म्हणून भावकूनं साल खोलवर तासली होती. शेवटी त्यानं ओढ्यातला चिखल आणून त्यावर थापला, पालापाचोळा दाबला. तरी त्याचं समाधान होईना. तो मागं जाऊन बघायचा आणि परत येऊन थापायचा. बाकीच्या दोन झाडांवरही तेच केलं. त्रिशला म्हणाली, यापुढं कुठल्याच झाडाला हात लावायचा नाही. जवळच्या खडकापासून किती अंतर, कुठल्या दिशेला, तेवढं ध्यानात ठेवायचं. भावकू हो म्हणाला.

दिवस कलला तशी त्रिशलानं डबा उघडला आणि भाकरीचे दोन घास घेऊन मिटवला. दोघं बेहड्यापासून लांब, करवंदीच्या जाळीआड बसले. उजेड अजून पुरता गेला नव्हता. ढोलीच्या काठावर आधी नुसता काळोख होता, मग त्या काळोखाला चेहरा आला. डोळ्यांभोवती काळी वर्तुळं, पट्ट्यापट्ट्यांची छाती. मादीनं मान वळवून खाली बघितलं, चिखल थापलेल्या जागेकडे बघितलं, आणि आवाज न करता उडाली. आतून पिल्लाची बारीक, खरखरीत हाक आली. त्रिशलानं भावकूचा दंड घट्ट धरला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

भावकूलाही हसायचं होतं. पण तेवढ्यात ओढ्यापलीकडून, वरच्या अंगानं, दुसरा आवाज आला. खोल, घुमणारा, पहिला सूर लांब आणि मग घाईनं तीन. तो त्याच्या ओळखीचा होता. जांभळातला नर. तो हाक घालायचा, थांबायचा, आणि परत घालायचा. ढोलीतल्या मादीला भक्ष्य आणल्याचं सांगताना नर घालतो ती हाक. जांभळातली मादी कालपासून दिसली नव्हती.

त्रिशलाचं हसू जागच्या जागी विरलं.

"त्येला कोण सांगणार, ताई?" भावकूनं विचारलं.

 हाक परत आली. भावकू गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि ओढ्याकडे चालू लागला.

"अण्णा, कुठं?"

"बसतो जरा तिथं," तो म्हणाला, आणि आवाजाच्या दिशेनं चढ चढू लागला.